एक चौकट वर

शाळेच्या जिन्याची सातवी की आठवी पायरी उतरताना त्याच्या लक्षात आलं, की चूक आपलीच होती. एक पाय खालच्या पायरीवर टेकला होता, दुसरा अजून वर होता, आणि नुकतंच जिंकलेलं भांडण डोक्यात गोड घोळत होतं. आपण काय बोललो, ते ऐकताना मोठ्या बाईंनी मान कशी हलवली, हे तो मनातल्या मनात पुन्हा वाजवून पाहत होता. जिंकलेली भांडणं अशी परत वाजवायची त्याची जुनी खोड. वाजवता वाजवता वहीतलं ते पान डोळ्यांपुढे आलं. वरचा लंबगोल, खालचे चौकोन, मुलं ज्याला पतंग म्हणत तो टोकावर उभा केलेला चौकोन, आणि सगळ्यांत खालच्या पतंगातून निघून पानाच्या कडेकडेनं वर गेलेला लांबलचक बाण. त्या बाणाबरोबर त्याची नजर सहज वर गेली, आणि जिथं थांबायला हवी होती तिथं थांबली नाही. बाण एक चौकट जास्त वर गेला होता. त्यानं कठडा धरला. वरच्या मजल्यावर कुठलासा वर्ग पाढे म्हणत होता आणि कोणीतरी एकटंच पोर सगळ्यांच्या एक आकडा मागून म्हणत होतं.

गोष्ट साधी होती, आणि साधी होती म्हणूनच लाज वाटण्याजोगी होती. मुलीच्या शाळेत त्या वर्षापासून संगणक हा विषय आला होता. प्रोग्राम लिहिण्याआधी तो कागदावर आखायचा, त्याला फ्लोचार्ट म्हणायचं, आणि मुलं त्याला नुसतं तक्ता म्हणत. रविवारी संध्याकाळी मुलगी वही घेऊन त्याच्यापाशी आली होती. वर्गातल्या तीस मुलांची उंची एकामागून एक घ्यायची आणि सर्वांत उंच मुलाची उंची छापायची, असा तक्ता काढायचा होता. "बाबा, जरा दाखवाल का, मी काढते," असं ती म्हणाली होती. त्यानं दाखवलं नाही, काढूनच दिला. फोन खांद्यानं कानाला दाबून धरलेला, पलीकडे ऑफिसातलं कोणीतरी रडगाणं गात होतं, आणि इकडे हात चालला होता. पहिल्या चौकटीत सर्वांत उंच बरोबर शून्य, क्रमांक बरोबर एक. मग त्या क्रमांकाच्या मुलाची उंची घ्या. मग पतंग: ही उंची आतापर्यंतच्या सर्वांत उंचपेक्षा जास्त आहे का? असेल तर तीच सर्वांत उंच. मग क्रमांक एकानं वाढवा. मग शेवटचा पतंग: क्रमांक तीसच्या पुढे गेला का? गेला असेल तर छापा आणि थांबा. गेला नसेल तर परत वर जा, पुढच्या मुलाची उंची घ्या. त्या 'परत वर जा'चा बाण त्यानं एका दमात ओढला होता. रेघ अशी सरळ आली, की हात थांबवावासा वाटला नाही. ती उंची घेण्याच्या चौकटीला ओलांडून पहिल्या चौकटीलाच जाऊन टेकली. म्हणजे प्रत्येक मुलानंतर सगळं पुसायचं, सर्वांत उंच पुन्हा शून्य, क्रमांक पुन्हा एक, आणि पुन्हा त्या पहिल्याच मुलाची उंची घ्यायची. दुसऱ्या मुलाची पाळी जन्मात यायची नाही. ज्या मशीनला कोणी हे सांगेल, ते बिचारं वीज असेपर्यंत एकाच पोराला मोजत बसेल.

संगणक शिकवणाऱ्या बाईंनी त्या तक्त्यावर फुली मारली होती. फुली पडल्यावर लगेच मुलीनं वही दाखवली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. पण वही सोमवारी दुपारी तपासली गेली, तशीच दप्तरात राहिली, आणि पुढच्या सोमवारी फी भरायची म्हणून तो शाळेत गेला तेव्हा बाकावर वाट बघता बघता मुलीनं त्याच्याजवळ ठेवलेलं दप्तर त्यानं सहज उघडलं. फुली खालच्या पतंगाशेजारी होती. त्याला वाटलं, बाईंना पतंग वर हवा असणार. पुस्तकात तपासणी आधी असते, यानं शेवटी घेतली होती. दोन्ही चालतं. हे न कळणारी माणसं शिकवतात, हा विचार डोक्यात आला आणि त्याला बरं वाटलं. हे बरं वाटणं आता जिन्यावर उभं राहून आठवताना कान गरम होत होते. तो थेट मोठ्या बाईंच्या खोलीत गेला होता. मोठ्या बाईंनी त्या बाईंना बोलावून घेतलं. पन्नाशी उलटलेली, बारीक अंगाची बाई, हाताला खडूची भुकटी. वर्षानुवर्षं टायपिंग शिकवलेलं, त्यामुळे बोलताना तिची बोटं टेबलावर आपोआप चालत. मुलं तिला टकटक बाई म्हणत, हे त्याला मुलीकडूनच माहीत होतं.

"तपासणी खाली घेतली तरी उत्तर तेच येतं," तो म्हणाला होता. "पुस्तकात आहे तेवढंच बरोबर असं नसतं."

"हो, तपासणीचं खरं आहे," बाई म्हणाल्या. "पण तो बाण—"

"बाणाचंच सांगतोय. बाण खालून वर जाणारच. त्यालाच फेरा म्हणतात."

"फेरा बरोबर आहे. पण बाण जिथं—"

"बाई, मी हे काम एकोणीस वर्षं करतोय," तो म्हणाला होता. आणि एवढ्यावर भागलं नाही म्हणून पुढे म्हणाला, "टायपिंग शिकवणं वेगळं आणि हे वेगळं."

टेबलावरची बोटं थांबली होती. बाईंनी मोठ्या बाईंकडे पाहिलं, मग वहीकडे. "तुम्ही म्हणता तसं असेल," असं म्हणून त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं, आपल्याच फुलीवर आडवी रेघ मारली, शेजारी बरोबरची खूण केली आणि खाली सही केली. सहीसुद्धा पूर्ण केली, आद्याक्षरांवर भागवली नाही. त्यावर तो मोठ्या मनानं म्हणाला होता, "होतं असं कधीकधी."

आता कठड्याला धरून उभं राहिल्यावर ते 'बाण' त्याला ऐकू येत होते. दोन वेळा त्या म्हणाल्या होत्या. तो शब्द त्याच्या कानांवर पडला होता, त्यानं तो उचलून आपल्या बाजूनं वापरलासुद्धा होता, आणि तरी ऐकला नव्हता. सात-आठ पायऱ्या वर जायच्या होत्या. दार उघडंच असेल, दोघी अजून तिथंच असतील. जाऊन म्हणायचं, की बाई, बाण माझाच चुकला. चार शब्द. त्यानं मनात ते मोजलेसुद्धा. पण तेवढ्यात घंटा झाली, वरून पोरांचा लोंढा आला, त्याच्या दोन्ही बाजूंनी पोरं खाली धावू लागली, आणि त्यांच्याबरोबर तोही उतरला. गर्दीनं ढकललं असं तो नंतर स्वतःला सांगू पाहत होता. पण ती दहा-अकरा वर्षांची पोरं होती. त्याच्या कोपराला दप्तरं घासत होती, एवढंच.

ऑफिसात त्याला वैद्य म्हणत. विमा कंपनीच्या संगणक विभागात वीस माणसं, वीस वर्षांपूर्वीचे प्रोग्राम, त्यांच्यावर ठिगळं, ठिगळांवर ठिगळं. कुठं काही अडलं की वैद्याला बोलवायचं. तो खुर्ची ओढून बसायचा, पडद्याकडे बघायचा आणि दोन मिनिटांत बोट ठेवायचा. नाडी बघितल्यासारखा, म्हणून वैद्य. ते नाव त्याला आवडत असे, आवडत नसल्यासारखं तो दाखवत असे. त्या दुपारी नवी आलेली प्रोग्रामर त्याच्याकडे आली. तिचा हिशेब दर वेळी पहिल्याच पॉलिसीवर अडकत होता. त्यानं पाहिलं. तिनंही सुरुवातीचा आकडा फेऱ्याच्या आत घेतला होता. तीच चूक. जगात सगळ्यांत जास्त वेळा झालेली, पहिल्या वर्षाला सगळे करतात ती चूक. एरवी तो म्हणाला असता, इतकं साधं? आता त्यानं तोंड उघडलं आणि ते वाक्य जिभेवर तयारच आहे असं त्याला आढळलं. जिभेवर त्याची जागा ठरलेली होती, दाताला जीभ लागते तशी. किती जणांना आपण हे म्हणालो असू? त्यानं नुसतं बोट ठेवलं. ती मुलगी खजील होऊन हसली आणि म्हणाली, "माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं." तिनं आपणहून कबूल केलं आणि हसत जागेवर गेली. तिला काहीसुद्धा झालं नाही. तो तिच्या पाठीकडे बघत राहिला. कबूल करून माणूस असा चालू शकतो, हे त्याला एखाद्या कसरतीसारखं वाटलं.

त्याच्या वडिलांना, अण्णांना, मात्र ते जमलं नव्हतं, किंवा त्यानं जमू दिलं नव्हतं. तो नऊ वर्षांचा असेल. घरी अण्णांच्या कारखान्यातली दोनचार माणसं बसलेली, अण्णा रंगात येऊन सांगत होते, की साहेबानं सर्टिफिटिक दिलं. ते तसंच म्हणायचे, सर्टिफिटिक. पहिल्या बाकावर बसणारा हा पोरगा दारातून म्हणाला, "सर्टिफिटिक नाही अण्णा, सर्टिफिकेट." माणसं हसली. अण्णाही हसले, त्याच्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, "बघा, बापाचा बाप." पण त्या दिवसानंतर तो शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा कधी आला नाही. मरेपर्यंत ते 'तो कागद' म्हणत. दाखल्याचा कागद, डॉक्टरचा कागद. हॉस्पिटलात शेवटी खिडकीपाशी उभं राहून ते म्हणाले होते, "अहो, तो कागद हवाय," आणि खिडकीतली बाई विचारत होती, "कुठला कागद, आजोबा?" तो शेजारी उभा होता. त्यानं तो शब्द म्हणून टाकला, नीट, स्पष्ट. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, की अण्णा विसरले असतील. माणूस एखादा शब्द विसरतो आणि एखादा शब्द टाळतो, यांत फरक असतो, आणि तो आपल्याला त्या खिडकीपाशीच कळला होता, असं आता त्याला वाटू लागलं. कळला होता आणि त्यानं तो बाजूला ठेवून दिला होता.

मंगळवारी त्यानं पत्र लिहायला घेतलं. 'आदरणीय बाई' इथपर्यंत ठीक झालं. पुढे लिहिलं: 'काल झालेल्या चर्चेत एक किरकोळ नजरचूक झाली.' किरकोळ खोडलं. नजरचूक खोडलं. 'बाण एक चौकट वर गेला' असं लिहिलं, आणि वाचून पाहिलं तर बाण जसा काही स्वतःच्या पायानं गेला होता. 'गैरसमज झाला' लिहिलं, तर तो निम्मा बाईंच्या गळ्यात पडत होता. आपली भाषा अशा वेळी फार सोयीची. कप फुटला, दूध उतू गेलं, चूक झाली. घरभर सगळं आपापलं होत असतं आणि कोणीच काही करत नाही. प्रत्येक वाक्यातून 'मी' गळत होता. त्यानं तो मुद्दाम आणून बसवला, 'मी चुकीचा बाण काढला आणि तुम्ही बोलत असताना तुम्हाला बोलू दिलं नाही,' आणि ते वाक्य पडद्यावर इतकं उघडंवाघडं दिसलं, की शेजारच्या टेबलावरून कोणी पाहील म्हणून त्यानं खिडकी बंद केली. बंद करताना मशीननं विचारलं, जतन करायचं का? त्यानं नाही म्हटलं. उद्या, शांतपणे, नीट. शब्दांचीच तर गोष्ट आहे. आणि खरं म्हणजे, असंही त्यानं मनाशी म्हणून पाहिलं, सातवीतला एक तक्ता, कोण लक्षात ठेवतंय. हे म्हणताना आपला आवाज मनातसुद्धा थोडा चढतोय, हे त्याला कळलं.

बुधवारी जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचा तक्ता बाईंनी फळ्यावर काढला."

घास हातात राहिला. "का?"

"मोठ्या बाईंनी सांगितलं. अनुभवी माणसानं काढलाय, सगळ्यांनी उतरवून घ्या म्हणाल्या."

"सगळ्यांनी?"

"तीस जणांनी." ती भाताचे ढीग करून मधून वाट काढत होती. "आणि पुढच्या सहामाहीला नवीन सर येणार आहेत संगणकाला. टकटक बाई ग्रंथालयात जाणार."

"असं कोण म्हणालं?"

"मोठ्या बाई. वर्गात येऊन म्हणाल्या. बाई तिथंच होत्या."

"मग बाई काय म्हणाल्या?"

"काही नाही. फळा पुसत होत्या."

बायको त्याच्याकडे बघत होती. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. दिवसभर काचेखाली डोळा लावून बसणारी बाई, तिच्यापासून काही लपवायचं म्हणजे अवघड. पण ती पाहायची आणि बोलायची नाही. "भाजी घेणार?" एवढंच तिनं विचारलं. त्यानं घेतली. त्या जेवणात त्यानं तीन वेळा भाजी घेतली, कारण तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही. तीस वह्या. तीस वह्यांत तो बाण आता आपापल्या घरी गेला होता. कुठल्यातरी घरी कोणी बाप तो बघत असेल. कोणी तरी मोठा भाऊ म्हणत असेल, अरे हे चुकलंय, आणि ते पोर म्हणत असेल, नाही, बाईंनीच फळ्यावर काढलंय. म्हणजे चूक त्याची आणि नाव बाईंचं.

गुरुवारी तो गेला नाही. त्याला काही कारण नव्हतं. नंतरही तो जेव्हा जेव्हा त्या आठवड्याकडे वळून बघायचा, तेव्हा गुरुवारच्या जागी त्याला काहीच सापडायचं नाही. ऑफिस होतं, काम होतं, पाऊस नव्हता, कोणी आजारी नव्हतं. सोमवारला निदान पोरांचा लोंढा होता.

शुक्रवारी तो अर्धी रजा टाकून गेला. मोठ्या बाई चष्मा कपाळावर सरकवून काहीतरी वाचत होत्या. त्यानं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. पाठ केलं होतं त्यामुळे भरभर आलं. बाण, चौकट, फुली बरोबर होती, मी चुकलो, बाईंचं ऐकलं नाही. मोठ्या बाईंनी त्याला बसायला सांगितलं आणि फार सौजन्यानं ऐकून घेतलं. ते सौजन्यच त्याला लागलं.

"तुम्ही आलात हे चांगलं केलंत," त्या म्हणाल्या. "सगळे येत नाहीत."

"बाईंना काढू नका. त्या बरोबर होत्या."

"काढत कुठं आहोत? ग्रंथालय देतोय. आणि हे काही तुमच्या एकट्याच्या बोलण्यावरून नाही हो. विषय नवीन, शिकलेला माणूस हवा, हे मंडळींच्या मनात होतंच. तुमच्यामुळे बोलायला निमित्त झालं."

"पण ते निमित्तच खोटं होतं."

"आता तसं म्हणता येईल," त्या म्हणाल्या. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि त्याला नीट पाहिलं. "बाईंच्या बदलीचं पत्र बुधवारी गेलं. तुम्ही मंगळवारी जरी आला असतात ना, तरी मी ते थांबवलं असतं. तुम्हाला हे कळलं कधी?"

खोटं बोलायची ती फार चांगली संधी होती. काल कळलं म्हणालो असतो तर कोणाचं काय बिघडणार होतं. "सोमवारी," तो म्हणाला. "तुमच्या जिन्यावरच."

मोठ्या बाईंनी टेबलावरचा पेपरवेट एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागेवर ठेवला. त्यानं लिहून आणलेलं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं, त्यांनी ते घेतलं, फाईलमध्ये ठेवते म्हणाल्या. फाईलमध्ये ठेवलेल्या कागदांचं काय होतं हे एका ऑफिसातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

टकटक बाई वर्गाबाहेर व्हरांड्यात होत्या. तास सुरू व्हायला पाच मिनिटं होती, त्या पाट्यांचा गठ्ठा पुसत होत्या. त्यानं तेच सगळं पुन्हा सांगितलं, पण आता पाठ केलेलं आठवेना. मधेच तो म्हणाला, "तुम्हाला तर माहीतच होतं."

"माहीत म्हणजे, वाटत होतं," बाई म्हणाल्या. "मग तुम्ही एवढं ठामपणे बोललात. घरी जाऊन मी बटणं मांडून पाहिली. एकेक बटण एकेका वाटीत सरकवत. तीनदा पाहिलं. दर वेळी बटण पहिल्याच वाटीत यायचं." त्या थोड्या हसल्या. "मग म्हटलं, इतकी वर्षं हेच करणारा माणूस आहे. माझंच काहीतरी कळायचं राहिलं असेल. नवीन शिकलेय ना. मुलांच्या आधी चार दिवस शिकते आणि मग त्यांना शिकवते."

हे त्याला अपेक्षित नव्हतं. त्या चिडतील, निदान गप्प बसतील, अशी त्यानं तयारी केली होती. त्या घरी तीनतीनदा वाट्या मांडून बसल्या असतील आणि स्वतःवरच शंका घेत असतील, हे त्याच्या तयारीत नव्हतं. "आणि ते मी टायपिंगचं बोललो," तो म्हणाला, "ते—"

"ते खरंच आहे की. सव्वीस वर्षं टायपिंगच शिकवलं."

त्यानं वर्गाच्या दाराकडे पाहिलं. तो म्हणाला, "मी मुलांना सांगू का? वर्गात येऊन. माझी चूक आहे, तुमची नाही, एवढंच."

बाईंनी पाटी उलटी करून पाहिली, पुसली गेलीय की नाही. "सांगून मुलांच्या लक्षात राहत नाही," त्या म्हणाल्या. "आज आम्ही तक्ता चालून बघणारच होतो. तुम्ही चाला."

त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. त्यांना खरोखरच कोणीतरी चालणारा हवा होता. वर्गातले बाक भिंतीला लावले होते, जमिनीवर खडूनं त्याचाच तक्ता आखलेला, हातभर लांबीच्या चौकटी, आणि कडेकडेनं जाणारा तो बाण. प्रत्येक चौकटीशेजारी एकेक मूल उभं राहायचं आणि आपली चौकट वाचायची. चालणाऱ्यानं हातात पाटी घ्यायची, पाटीवर दोन रकाने, एक क्रमांकाचा, एक सर्वांत उंचचा. कोणी कुठं उभं राहायचं ते आधीच ठरलं होतं. पहिल्या चौकटीपाशी त्याची मुलगी उभी होती. त्याला दारात बघून तिनं नजर खाली वळवली, आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याच्याही तशाच होत असत.

"आज आपल्याकडे पाहुणे आहेत," बाई म्हणाल्या. "ते चालतील. तुम्ही वाचा."

तो बूट काढून लंबगोलावर उभा राहिला. मुलगी वाचत होती, शाळेतल्या आवाजात, घरात तो आवाज त्यानं ऐकला नव्हता. "सर्वांत उंच बरोबर शून्य. क्रमांक बरोबर एक." त्यानं पाटीवर लिहिलं. पुढच्या चौकटीला क्रमांक एकचा मुलगा उठून उभा राहिला, वर्गातलं सगळ्यांत बुटकं पोर. "एकशे एकोणतीस." जास्त आहे का? आहे. लिहा. क्रमांक दोन. दोन तीसच्या पुढे गेला का? "नाही," पतंगापाशी उभी असलेली मुलगी म्हणाली आणि तिनं हात लांब केला. तो बाणावरून चालत गेला, उंची घेण्याच्या चौकटीला वळसा घालून, पहिल्या चौकटीपाशी. "सर्वांत उंच बरोबर शून्य," मुलगी वाचत होती. "क्रमांक बरोबर एक." त्यानं पाटी पुसली. बुटकं पोर पुन्हा उठलं. एकशे एकोणतीस. तो पुन्हा खाली गेला, पुन्हा वर आला. मोज्यांना खडू लागत होता. दुसऱ्या फेरीला कुजबूज झाली. तिसऱ्या फेरीला ते पोर कंटाळून म्हणालं, "बाई, माझीच उंची किती वेळा घ्यायची?" आणि वर्ग हसला. मनापासून, पोट धरून हसला. बाईंनी हसू दिलं. त्याच्या हातात पाटी होती आणि पाटीवर शून्य आणि एक होतं. त्यानं मुलीकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ती खालची चौकट बघत, तो येण्याची वाट बघत उभी होती, आणि तो आला की वाचत होती, प्रत्येक वेळी सारख्याच आवाजात, एक अक्षर न गाळता.

"थांबायचं कधी?" कोणीतरी विचारलं.

"थांबायचंच नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून तिथं फुली होती."

मग त्यांनी काही न सांगताच दोन पोरं पुढे झाली, बाणाचं टोक हातानं पुसलं आणि एक चौकट खाली नवं काढलं. तो पुन्हा निघाला. या वेळी क्रमांक दोनची मुलगी उठली, मग तीनचा मुलगा, मग चार, आणि वर्गाला त्याचा इतका आनंद झाला की प्रत्येक उंचीला टाळ्या पडू लागल्या. तीस फेऱ्या तो चालला. शेवटी सर्वांत उंच एकशे अठ्ठावन्न निघाली आणि ती मुलगी लाजून बाकामागे लपली. जाताना तो बाईंना म्हणाला, की मोठ्या बाईंना पत्र दिलंय. "कळलं मला," त्या म्हणाल्या. "राहू द्या. ग्रंथालयात ऊन चांगलं येतं." त्यांची बोटं पाट्यांच्या गठ्ठ्यावर चालत होती.

शाळा सुटल्यावर दोघं बापलेक पायीच निघाले. ती फुटपाथच्या फरशांच्या सांध्यांवर पाय पडणार नाही असं चालत होती, आणि त्यालाही तसंच चालावंसं वाटत होतं. धोब्याच्या दुकानापाशी तो म्हणाला, "तुला माहीत होतं ना?"

"काय?"

"बाणाचं."

"हो."

"कधीपासून?"

"तुम्ही काढलात तेव्हाच. तुम्ही फोनवर होता."

"आणि फोन ठेवल्यावर?"

ती जरा विचार करत चालली. "तुम्ही पेनानं काढला होता," ती म्हणाली.

त्याला आधी ते कळलं नाही. मग कळलं. पेन्सिलनं असता तर तिनं गुपचूप खोडून नीट केला असता, आणि त्याला पत्तासुद्धा लागला नसता. "मग मला सांगायचंस," तो म्हणाला. "बाबा, इथं चुकलं, एवढंच."

"हो."

"पुढच्या वेळी सांगशील?"

"सांगीन," ती म्हणाली. तो होकार त्याच्या ओळखीचा होता. मोठ्या माणसाचं बोलणं लवकर संपावं म्हणून लहानांनी द्यायचा तो होकार. बायकोही तसाच देत असे. आपल्या घरात किती दिवस हे चाललं असेल, किती गोष्टी आपल्या पाठीमागं हलक्या हातानं खोडून नीट केल्या जात असतील, आणि आपण बरोबर असल्याच्या आनंदात जेवत असू. तो थांबला. थांबल्यावर तीही थांबली.

"आणखी काय काय आहे?" त्यानं विचारलं. "मला न सांगितलेलं. तुझ्याकडचं, आईकडचं."

तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, विचारतोय की रागावतोय ते बघायला. बराच वेळ पाहिलं. मग दप्तराचा पट्टा खांद्यावर नीट केला आणि प्रामाणिकपणे आठवू लागली. तिचे ओठ हलत होते, एक बोट दुसऱ्या बोटावरून पुढे सरकत होतं. एका हाताची बोटं संपली आणि ती दुसऱ्या हातावर आली.

"चालता चालता सगळं नाही आठवायचं," ती शेवटी म्हणाली. "घरी गेल्यावर लिहून देऊ का?"

"दे," तो म्हणाला.